आईंचा गुडघा

रीडिंग, १७ जून २००७

स्वाती,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच केरात टाकशील, म्हणून पत्ता अन्वीकडून लिहून घेतलाय. सहा वर्षांच्या भाचीचं अक्षर बघून तरी फोडशील. फोडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

तुझी आई आजारी आहे. मिलिंदला वाटतंय गुडघा दुखतोय, डॉक्टरलाही तेच वाटतंय. तुझ्या आईच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मार्चपासून त्यांनी देवपूजा सोडली. त्यांची पूजा तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा सुतक फिटलं त्या दिवशी पहाटे उठून त्या देवांसमोर बसल्या होत्या. इथे आल्यावर बॉयलरशेजारच्या कपाटात देव मांडून दिले, तर त्यावरही खूश होत्या, देवांना थंडी नाही वाजत म्हणून. आणि एकदम म्हणायला लागल्या, गुडघ्याने खाली बसवत नाही, मिलिंद तू कर. मिलिंद आणि पूजा! तो देवांवर पाणी ओततो आणि लंडनची ट्रेन गाठायला पळतो. मी खुर्ची आणून दिली, नको म्हणाल्या. अन्वीने फुलं हातात दिली, तर हात मागे घेतला. मला तेव्हाच खटकलं.

एका शनिवारी मिलिंद अन्वीला पोहायला घेऊन गेला होता. मी सरळ विचारलं, "अहो आई, गुडघा दुखतोय तर उभ्याने दिवा लावायला काय हरकत आहे?" त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. खाली बघत म्हणाल्या, "वैभवी, मला परत कावळा शिवायला लागलाय गं."

सहासष्टाव्या वर्षी, स्वाती. मी आधी हसले. इतक्या लाजून बोलल्या त्या, की खरंच हसू आलं मला. मग गॅस बंद करून त्यांना खुर्चीत बसवलं. ही पाळी नाही हे तुला कळतंय, मला कळतंय. त्यांना वाटतंय वय वेड्यासारखं उलटं फिरलंय, आपोआप थांबेल. जुन्या सुती साड्या फाडून घेतात, स्वतःच धुतात आणि रेडिएटरमागे वाळत घालतात. तीन महिने आमच्या घरात हे चाललंय आणि मला पत्ता नाही.

मिलिंदला सांगितलंस तर माझ्या गळ्याची शपथ, म्हणाल्या. शपथेबिपथेवर माझा विश्वास नाही, तुला माहीतच आहे. पण मी सांगितलं आणि त्यांनी माझ्याशीही बोलणं बंद केलं, तर मग त्यांच्या पोटातलं कुणालाच कळणार नाही. म्हणून गप्प आहे. शपथ मात्र मिलिंदपुरती होती. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून तुला लिहितेय. वकिली करतेय म्हण हवं तर.

मी आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला होता. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, डॉक्टर हॉलिस हवे असतील तर जवळजवळ दोन आठवडे थांबा, नर्स प्रॅक्टिशनरही तपासते, ती उद्या सकाळी बघेल. मी म्हटलं, उद्या. संध्याकाळी मिलिंदने ते रद्द केलं. "माझ्या आईला मी नर्सकडे नेणार नाही. नॅशनल इन्शुरन्स भरतो मी इथे. डॉक्टर म्हणजे डॉक्टर." आणि बरोबर तोच जाणार. आईंना इंग्रजी येत नाही ना. माझी आई, मी जातो, म्हणाला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीत मी पुण्यात होते. त्या दिवशी तुमच्यात काय झालं हे मला दोन्हीकडून ऐकूनच माहीत. परीक्षितबरोबरचा संसार मोडलास ते बरं केलंस की वाईट, यात मला पडायचंच नाही. तू माझी फर्ग्युसनपासूनची मैत्रीण, तुझ्यामुळे मी या घरात आले. मला तू हवी आहेस. तुझी आई तुझ्याबरोबर नर्सकडे येईल. तुझ्यापुढे लाजायचं काय, पोटची पोर तू.

रविवारी सकाळी मिलिंद बॅडमिंटनला असतो. तेव्हा फोन कर. एवढंच मागतेय.

वैभवी

रीडिंग, १ जुलै

स्वाती,

फोन आला नाही. आज दुसरा रविवार, फोनशेजारी मेथी निवडत बसले. शुक्रवारी पोस्टाचा संप होता, तुझं उत्तर त्यात अडकलं असेल, अशी मी माझी समजूत घालतेय.

मिलिंद आणि आई डॉक्टर हॉलिसकडे पुन्हा जाऊन आले. एप्रिलमध्ये एकदा झालं होतं, ही दुसरी वेळ. मिलिंद एकदम खूश. "काय शांतपणे बघतो माणूस! घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. सगळं विचारलं." मी म्हटलं, सगळं म्हणजे काय काय? "सगळं म्हणजे सगळं गं." रात्रीच्या भाजीला फोडणी देताना आईंना हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "मिलिंदच बोलत होता. मी पाय वर करून दाखवला. गोरा डॉक्टर, पण हात फार हलका हो त्याचा." गुडघ्याचा एक्सरे काढायचा आहे. वजन उतरलंय म्हणाला म्हणे डॉक्टर. ते वयाने उतरलं असेल, असं मिलिंदने परस्पर ठरवून टाकलं.

मी शपथ न मोडता जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. म्हटलं, "मिलिंद, बायकांच्या काही गोष्टी असतात. एकदा बाईमाणसाला बघू दे ना. ती नर्स रोज हेच करते." तर म्हणाला, "बायकांचं काय असणार? वय बघ आईचं." आणि उठून डिशवॉशर भरायला लागला. आपण होऊन डिशवॉशरला हात लावणारा माणूस नाही तो. मला कळेना हा पळतोय कशापासून.

मग तो बोललाच. बाबांना अ‍ॅडमिट केलं त्या रात्री दवाखान्यात नुसती सिस्टर होती, डॉक्टर सकाळी उगवले, तोवर बाबा गेले होते. "तेव्हा मी इथे होतो, वैभवी. काही करू शकलो नाही. आईच्या वेळी असं होऊ देणार नाही. जो सगळ्यात मोठा असेल त्यालाच दाखवीन."  तू तर तिथे होतीस त्या रात्री. त्याच्या प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या प्रेमापायी त्याची आई मरेल, ही माझी तक्रार आहे.

लिहून टाकलं. मरेल. घरात हा शब्द मनातसुद्धा आणत नाही मी.

जिना चढताना त्या कठड्याला धरून थांबतात. परवा चादर बदलताना मी डाग बघितले, त्यांनी ते बघितलं, आणि दोघीही चादरीची टोकं धरून उभ्या राहिलो. मला ऑफिसात काही सुचत नाही. सकाळी त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. स्वाती, मी एकटी आहे गं यात. तुझी आई आहे ती. एक फोन करायला काय जातं तुझं?

वैभवी

रीडिंग, १३ जुलै

स्वाती,

तुझं कार्ड मिळालं. "तिने मला दाराबाहेर काढलं. तुझ्यावर राग नाही. पण त्या घरातलं काही मला लिहू नकोस." वाचलं. खूप राग आला, फाडणार होते. फाडलं नाही, कारण दोन वर्षांत तुझं आलेलं हे पहिलंच अक्षर आहे. आणि हो, मी लिहिणार. वाचायचं नसेल तर नको वाचूस.

काल मी आईंना नर्सकडे नेलं. मिलिंदला न सांगता, ऑफिसातून अर्धी रजा काढून. आईंना सांगितलं, डॉक्टर नाही, नर्स आहे. मला वाटलं आता नाटक सुरू होणार. तर म्हणाल्या, "म्हणजे सिस्टर ना? मग चालेल की. सिस्टरपुढे काय, त्यांना सगळं बघायची सवय असते. डॉक्टरसमोर असलं बोलतात का कुणी?"

ऐकतेस ना? मोठ्या माणसापुढे असलं घाणेरडं बोलायचं नाही, म्हणून डॉक्टरपुढे त्या गप्प. आणि हा त्यांना आणखी मोठ्याकडे न्यायला निघालाय!

नर्सचं नाव मॉरीन. पन्नाशीची, आयरिश, बोलणं तुटक. मी आपली आईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, आता मी सगळं नीट सांगणार म्हणून. तर बाई म्हणते, तुम्ही बाहेर थांबा. मी म्हटलं, अहो त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणाली, माझ्याकडे फोन आहे. फोनवर कुठून तरी मराठी बोलणारी बाई मिळते त्यांना, मध्ये स्पीकर ठेवतात. मला अपमान वाटला, खोटं का सांगू. इतके दिवस जीव टांगणीला लावून मी हे सांभाळलं आणि मलाच बाहेर काढलं.

बाहेर बसले. आधी काही ऐकू येईना. मग आईंचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबेचना. आमच्या घरात पाच वर्षांत त्या इतकं बोललेल्या मी ऐकलेलं नाही. कोण कुठली फोनवरची बाई, ना नाव ना चेहरा. तिला सांगितलं सगळं.

मग मॉरीनने तपासलं. मला आत बोलावलं. म्हणाली, हॉस्पिटलला तातडीने पाठवते, दोन आठवड्यांच्या आत बोलावतील, आणि डॉक्टरांनाही आत्ताच दाखवते. गेली आणि हॉलिसना घेऊन आली. आता माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, दोनदा आणलं हो तुमच्याकडे यांना. दोनदा. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत?"

तो म्हातारा माणूस खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. चिडला नाही. म्हणाला, "मी विचारलं होतं. दोन्ही वेळा. वजन उतरलेल्या या वयाच्या प्रत्येक बाईला मी विचारतो. त्यांच्या मुलाने नाही म्हणून सांगितलं."

मी आईंकडे वळले. "आई, डॉक्टरांनी तुम्हाला रक्ताचं विचारलं होतं?"

"छे गं," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

स्वाती, डॉक्टरने प्रश्न विचारला होता. आईंनी उत्तर लपवलं नव्हतं. मध्ये बसला होता तुझा भाऊ. त्याने तो प्रश्न मराठीत आणलाच नाही.

घरी येताना बसमध्ये आई म्हणाल्या, "आता सांग त्याला. मला नाही सांगता यायचं." शपथ सुटली. मला मोकळं वाटायला हवं होतं. आज रात्री सांगते त्याला.

वैभवी

१४ जुलै

काल पत्र पेटीत टाकलं आणि रात्री बोललो. तुला नाही तर कुणाला सांगू?

मी ओरडले नाही. एवढंच विचारलं, "डॉक्टरने ब्लीडिंगचं विचारलं तेव्हा तू आईंना काय विचारलंस?" तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई माझ्याकडे बघत होती गं. मी कसं विचारू तिला ते? कुठल्या शब्दात विचारू? मी म्हटलं, आई, बाकी सगळं ठीक ना? ती म्हणाली, ठीक. मी डॉक्टरला नो म्हणून सांगितलं." परत थोड्या वेळाने, "दुसऱ्या वेळीही तेच."

मी चिडायला तोंड उघडलं होतं. पण तो रडायला लागला. बाबा गेले तेव्हाही त्याला असं रडताना मी बघितलं नव्हतं. मग रडून झाल्यावर चिडला, कारण रडण्यापेक्षा ते सोपं. "नर्सने काहीतरी बघितलं आणि तुम्ही लगेच कॅन्सर ठरवून मोकळ्या? मी पुण्याला नेतो आईला. शशीकाका गायनॅक आहेत, घरचे आहेत."

"आणि शशीकाकांपुढे आई बोलतील?" मी म्हटलं. "तिकडे शशीकाका मराठीत विचारतील, आणि आई त्यांना भाऊजी म्हणतात. सांगतील त्या त्यांना?"

तो उठून बागेत गेला आणि भर पावसात लॉनवरची अन्वीची सायकल पुसत बसला. तरी पुण्याचं तिकीट त्याने काढलं नाही. हॉस्पिटलची तारीख चोवीस आहे. कार्डिफहून तू येऊ शकशील का? तू मला लिहू नकोस म्हणालीस त्यानंतरचं हे दुसरं पत्र. माझी लाज गेली आहे आता.

वै.

रीडिंग, ७ ऑगस्ट

स्वाती,

कॅन्सर आहे. गर्भाशयाचा. पिशवीच्या बाहेर थोडा सरकलाय. चोवीसला तुकडा काढून घेतला होता, काल निकाल सांगायला बोलावलं.

आता काल काय झालं ते लिहिते. मला ते कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

हॉस्पिटलवाले दुभाषा देत होते. मिलिंद म्हणाला, नको, मी सांगेन. ठामपणे म्हणाला, मान वर करून. मला वाटलं, बरं, हा आता भरपाई करतोय, करू दे. कन्सल्टंट बाई होती. तिने सावकाश सगळं समजावलं. कॅन्सर आहे, बाहेर गेलाय, पण या आठवड्या-दोन आठवड्यांत ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे. थांबलं तर ती आशा राहणार नाही. मग मिलिंदकडे वळून म्हणाली, हे त्यांना सांगा.

मिलिंदने आईंचा हात हातात घेतला. म्हणाला, "आई, बारीकशी गाठ आहे. छोटंसं ऑपरेशन करायचं म्हणतायत."

आईंचा चेहरा उजळला, स्वाती. "एवढंच ना?" म्हणाल्या. "मग इथे कशाला? दिवाळीला पुण्याला जाऊ तेव्हा शशीभाऊजींकडून करून घेऊ. घाई काय आहे?"

मिलिंदने कन्सल्टंटला सांगितलं, तिला विचार करायला थोडा वेळ हवाय.

तो वाईट नाही. त्याच्या तोंडून आईसमोर तो शब्द निघेना, एवढंच. पण दिवाळीपर्यंत, स्वाती! दिवाळीपर्यंत!  मी उठून आईंसमोर खाली बसले, त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हटलं, "आई, गाठ नाही. कॅन्सर आहे तुम्हाला. पिशवीत आहे आणि बाहेर पसरतोय. आत्ता ऑपरेशन केलं तर तुम्ही जगाल असं त्या म्हणतायत. दिवाळीपर्यंत थांबलात तर नाही."

मिलिंद ओरडला, "वैभवी!" कन्सल्टंटने मला विचारलं, काय सांगितलंत त्यांना? मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत तेच." दहा वर्षांच्या संसारात नवऱ्याला चारचौघांत असं पाडलं नव्हतं मी कधी. त्याच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

आई रडल्या नाहीत. पदर नीट केला. मिलिंदला म्हणाल्या, "तू बाहेर जाऊन बस, बाळा. हिला बोलू दे आता." बाळा म्हणाल्या. तो गेला. मग त्यांनी एकेक विचारलं. केस जातील का? लघवीचं काय होईल? घरी किती दिवसांनी? मी विचारत गेले, सांगत गेले, एक अक्षर गाळलं नाही. काही शब्द मला मराठीत आले नाहीत, तेव्हा बोटाने दाखवलं. त्या मान हलवत होत्या.

येत्या गुरुवारनंतरचा गुरुवार, सोळा तारीख, ऑपरेशनसाठी दिलीय. कन्सल्टंटने विचारलं, तयार आहात ना? आई म्हणाल्या, "तयार आहे. पण स्वातीशी बोलल्याशिवाय मी भूल घेणार नाही."

मी म्हटलं, आई, मी लिहिते तिला, तुमचा निरोप कळवते. तर म्हणाल्या, "नाही. तिला सांगायचंय ते मीच सांगणार. तुझ्या तोंडून नाही, मिलिंदच्या नाही, पत्रात नाही. आणि ती भेटली नाही तर मला कापूनबिपून काही नकोय." तुला माहीत आहे हा आवाज. तुझाही असाच आहे.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः फोन मागितला. मी तुझा नंबर लावून दिला. त्यांनी कानाला लावला, थोडं ऐकलं आणि ठेवून दिला. "कुणी तरी इंग्रज बाई बोलतेय," म्हणाल्या. "चुकीचा लागला." मी परत लावून ऐकला. आन्सरिंग मशीन होतं, स्वाती. ती इंग्रज बाई तू होतीस. मी त्यांना ते सांगितलं नाही. एवढं एकच गाळलं मी.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही, असं लिहिणार होते. पण सांगते. ये. तुला तिला माफ करायचं नसेल तर नको करूस, भांड हवं तर. पण समोर उभी राहून भांड. सोळाच्या आत.

वैभवी

कार्डिफ, १२ ऑगस्ट, रविवार. तुझ्या दाराबाहेर.

स्वाती,

बेल तीनदा वाजवली. तू आत आहेस. रेडिओ चालू होता, बेल वाजल्यावर बंद झाला. दाराच्या भिंगातून मला बघितलंस हेही कळलं, भिंग काळं झालं होतं. हे अन्वीच्या चित्रांच्या वहीतलं पान आहे, गुडघ्यावर ठेवून लिहितेय. तुझ्या लेटरबॉक्सच्या फटीतून आत टाकणार.

मी एकटी आलेले नाही. आई खाली गाडीत आहेत. मिलिंदने आणलंय आम्हाला. काल रात्री जेवताना आपण होऊन म्हणाला, "उद्या जाऊ." माझ्याशी तो सोमवारपासून नीट बोललेला नाही, अजूनही बोलत नाही, पण सकाळी गाडीत आईंच्या पाठीला उशी त्याने लावली. वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर दोनदा थांबलो. रक्त जातंय अजून. दुसऱ्या वेळी मिलिंदच आत जाऊन आईंसाठी पॅडचं पॅकेट घेऊन आला. काउंटरवर विचारून. माझ्या हातात दिलं.

त्यांना तुला काय सांगायचंय ते मला माहीत नाही. विचारलं नाही. वाटेत न्यूपोर्ट गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी काढलं होतं ना तिला? मग मीच जायला पाहिजे." बाकी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

स्वाती, चार दिवस राहिलेत. तू दार उघडलं नाहीस तर त्या परत गाडीत बसतील आणि गुरुवारी हॉस्पिटलला येणार नाहीत. मी ओळखते त्यांना. मी हात बांधून नेऊ शकत नाही, मिलिंदही नाही, ती कन्सल्टंटही नाही. डॉक्टर झाले, नर्स झाली, आता कुणाकडे नेऊ त्यांना? माझ्याकडे आता तुझं हे दारच आहे.

खाली गाडीचं दार वाजलं. मी त्यांना सांगितलं होतं, मी हाक मारेपर्यंत उतरू नका. ऐकतायत कसल्या. जिन्यात आल्यात. "धरू का आई?" मिलिंद विचारतोय. "नको," म्हणाल्या. तू तिसऱ्या मजल्यावर कशाला घर घेतलंस गं? पहिल्या वळणावर थांबल्यात, दम लागलाय. परत निघाल्या.

आता पान आत टाकते. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी बाजूला भिंतीशी उभी राहते. दार उघडलंस तर लगेच काही विचारू नकोस त्यांना. आधी बसायला खुर्ची दे.